विहीर क्रमांक सहा

दोन इंच रुंद. हिलाही विहीर म्हणायचं.
ना काठ, ना पायरी, ना आत डोकावणारं पोर.
जमिनीत गाडलेलं एक लोखंडी झाकण
आणि त्यावरचा मार्चचा बर्फ,
जो मी आधी हातोडीने फोडते.

मिशिगनचं उत्तर टोक. सुपीरियर सरोवर इथून चार मैल.
जिथे कांगासचा पेट्रोल पंप होता
तिथे आता खडीचा चौकोन आहे,
त्याच्या आसपास नऊ विहिरी, वर्षातून चार खेपा.
टाक्या केव्हाच उपसून नेल्या,
तळाला भोकं होती, सुईच्या टोकाएवढी.
कुठे पाणी मुरतंय, असं लोक सहज बोलून जातात.
इथे काय मुरलं ते मला मोजून द्यावं लागतं,
अब्जात किती भाग, सहीनिशी.

प्रोब सोडते.
पाण्याला टेकला तर तुटक तुटक बोलतो,
तेलाला टेकला तर एकच लांब सूर धरतो.
आज तुटक. अकरा फूट आणि थोडं.
ठाव लागला असं लगेच म्हणू नये;
पातळी कळली, एवढंच.

मग पंप, हळू, इतका हळू
की खालच्या पाण्याची झोप मोडू नये.
पहिलं पाणी पिंपात.
आकडे तीनदा सारखे येईतो थांबायचं.
थंडीत हे थांबणंच खरं काम.

काचेची कुपी, तळाशी आम्लाचे थेंब.
तोंडावर पाणी फुगून उभं राहीपर्यंत भरायची,
झाकण, उलटी, बोटाने टिचकी.
एक बुडबुडा दिसला तरी फेकून द्यायची,
हवेच्या वाटेने पुरावा निसटतो.

शीतपेटीत एक कुपी अशीही असते
जी प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी घेऊन निघते,
सगळीकडे हिंडते, कुठेच उघडत नाही,
तशीच परत जाते.
आमच्या गावात अशी दोन-तीन माणसं आहेत.

सहा नंबर हिल्मा कांगासच्या अंगणात.
ती कॉफी आणते, बाटलीच्या पाण्याची.
स्वतःच्या नळाचं पाणी तोंडात घेऊन
तिला अकरा वर्षं झाली.
घेवड्याच्या वाळक्या वेलाला आधार म्हणून
आर्वोची मापकाठी रोवलीय,
इंचांचे आकडे अजून वाचता येतात.
रोज सकाळी तो ती टाकीत बुडवायचा, वहीत लिहायचा.
वही मी पाहिलीय. आठवड्याला नऊ-दहा गॅलन कमी.
समासात त्याच्या अक्षरात: थंडी.
पुढच्या पानावर: थंडी.
जुलैतही: थंडी.

आकडे ती कधीच विचारत नाही. आज म्हणाली,
"झाकण काढतेस तेव्हा वास येतो ना गं?"
येतो.
"कसा?"
मी सरकारी शब्दांत सांगू लागले: मंद, हायड्रोकार्बनसारखा.
तिने हात हलवून ते उडवून लावलं.
"नवं लग्न झालं तेव्हा तो असाच यायचा घरी.
तासभर सॉनात बसला तरी
मानेमागे उरायचाच. मला आवडायचा.
कुणाला सांगू नकोस."

नकाशावर तो डाग मीच रंगवते, दर तिमाहीला.
जुन्या पंपापासून, रस्त्याखालून,
तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे.
दिवसाला अर्ध्या तांदळाएवढा.
घरी परतायला किती उशीर करतो एखादा माणूस.

नियम असा, की उघड्या विहिरीजवळ
कुणाला येऊ द्यायचं नाही.
मी वेळ लिहायला गाडीपाशी गेले.
दहा बेचाळीस.
पेनची शाई गोठलेली. श्वासाची ऊब दिली,
पुन्हा खरडलं, पुन्हा ऊब दिली.
वळून पाहिलं नाही.

परतले तेव्हा ती कुंपणाला धरून उभी होती,
दोन्ही गुडघ्यांवर बर्फ.
कॉफी निवली, म्हणाली.

झाकण बसवलं. बोल्ट आवळले. कुप्या मोजल्या.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
लिहिलं: थंडी.

मग सात नंबर.
तिथला एक बोल्ट गंजलाय, दर वेळी त्रास देतो.